धर्मादाय कोणाच्या वाट्याला?

आपल्या व्यापारी बांधवांची एक तक्रार नेहमी कानावर येते. लोक गोशाळेला सढळ हाताने देतात आणि दारात आलेल्या विधवेच्या हातावर चिल्लर ठेवतात. तक्रार अगदीच खोटी नाही. पण कारण दयेत नाही, वसुलीच्या रीतीत आहे, असे मला कापडाच्या धंद्यावरून वाटते.

बिलात मालाच्या किमतीखाली ‘धर्मादाय’ म्हणून थोडी रक्कम लावण्याचा पेठांतला रिवाज जुना आहे. हाथरसच्या बिजली कॉटन मिलच्या खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की असा पैसा मिलचे उत्पन्न नव्हे, तो धर्मकार्याचाच. मुंबईची पांजरपोळ अशाच वसुलीवर चालली. १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून तेथे दंगल झाली. १८३४ साली शेठ जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी पांजरपोळ काढली व खर्चासाठी व्यापारी मालावर लागा बसविला. याच शेठजींनी १८४५ साली सुरू झालेल्या जे. जे. रुग्णालयालाही मोठी देणगी दिली. तेव्हा जनावराला देणाऱ्याचा हात माणसासाठी आखडतो, असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र देणगी मर्जीची असते, आणि लागा प्रत्येक गाठोड्यामागे येतो.

आता सरकारचा हिशेब पाहा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळेतील देशी गायीमागे रोज ५० रुपये अनुदान ठरविले, म्हणजे महिन्याला १५००. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला मिळणारी रक्कम २०२३ साली वाढली, तीही १५००! गायीला चारा लागतो, कबूल. विधवेला धान्य, औषध आणि वर्षाला दोन लुगडी लागतात; लुगड्याचा भाव मला ठाऊक आहे. शिवाय गायीचा अर्ज गोशाळा करते, विधवेला मात्र उत्पन्नाचा दाखला घेऊन स्वतः तहसील गाठावी लागते.

आपल्याकडे जकातीचे आठही हकदार माणसेच आहेत. जनावरांसाठी सदका आहे, आणि तेही सवाबाचेच काम. पण रमजानमध्ये दुकानातल्या मालाची मोजदाद करून शेकडा अडीच काढणारे आपले कित्येक भाऊ ती रक्कम दारावर सुट्ट्या नोटांत वाटून टाकतात. जो मोठ्याने मागतो त्याला मिळते. फी थकलेला मुलगा किंवा पडद्यातली बाई दारावर येतच नाही.

साकोलीच्या कापड, किराणा आणि हार्डवेअरवाल्यांनी बिलामागे एक रुपया स्वतःच्या गल्ल्यातून बाजूला काढावा, गिऱ्हाइकाकडून नव्हे. या पैशातून शाळेची फी व दवाखान्याचे बिल परस्पर भरावे, आणि घेणाऱ्याची जातधर्म विचारू नये. जकातीचे खाते वेगळे ठेवावे, कारण तिचे हकदार ठरलेले आहेत. सुरुवातीला दहा दुकाने पुरेत. वही दरवर्षी वेगळ्या दुकानात राहावी, म्हणजे संशयाला जागा उरत नाही.