पाण्याकाठी : हाक पोहोचते, पण येणार कोण?

बारामतीतल्या ओळखीच्या एका गृहस्थांचा परवा फोन आला. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना सध्या शिडाच्या होडीनं झपाटलंय. भिगवणच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यात हात बसवायचा आणि पावसाळा सरला की मालवणला जाऊन खऱ्या समुद्रात उतरायचं, असा बेत आहे. विचारत होते, ‘संकटात उपग्रहाला हाक मारणारं ते यंत्र मिळतं ना, त्यातलं कुठलं घेऊ?’ पैशाची अडचण नव्हती. अशा माणसाला सल्ला देणं जास्त अवघड असतं, कारण महाग ते चांगलं हे त्याच्या मनात आधीच पक्कं असतं.

समुद्र इथून दीडशेहून अधिक किलोमीटर लांब, मग आपल्या भागात या विषयाचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ज्यांच्या नावानं ते गाव वसलं, त्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून आपण त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. त्याच वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची कवचं बनत आली आहेत. जहाजं आणि उपग्रह ही दोन्ही टोकं नीरेकाठी अशी जुळलेली आहेत. असो.

हे यंत्र, म्हणजे बीकन, करतं काय? कळ दाबली की ४०६ मेगाहर्ट्झवर एक छोटा संदेश वर जातो. त्यात यंत्राचा ओळखक्रमांक असतो आणि यंत्रात जीपीएस असेल तर ठिकाणही असतं. ऐकणाऱ्या उपग्रहांच्या जाळ्याचं नाव कॉस्पास-सारसॅट. अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात ते एकत्र उभारलं. पहिला उपग्रह १९८२ मध्ये गेला आणि त्याच वर्षी पहिली माणसं वाचली. आपल्या भागातली हाक इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रात उतरते, तिथून तटरक्षक दलाच्या समन्वय केंद्राकडे जाते आणि मग जवळचं जहाज किंवा विमान त्या दिशेला वळवलं जातं. म्हणजे बीकन पत्ता सांगतं. वाचवायला माणूसच यावा लागतो.

ही साखळी शाबूत असली की काय होतं, ते सप्टेंबर २०१८ मध्ये दिसलं. नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं त्यांच्या ‘तुरिया’ची डोलकाठी मोडली. पाठीला असा मार बसला की उठता येईना. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर ते आडवे पडून होते. बीकन चालू होतं. भारतीय नौदलाच्या विमानानं होडी हेरली आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. मोडकी का होईना, होडी तरंगत होती आणि ते तिच्या आत होते, म्हणून तीन दिवस निघाले.

दुकानदार बॅटरीचे तास सांगतो. मी विचारतो, तुम्ही पाण्यात पडलात तर हे यंत्र त्या क्षणी कुठे असेल? जहाजावरचं बीकन, म्हणजे ईपीआयआरबी, एका कोंदणात बसवलेलं असतं. जहाज बुडालं की दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबानं त्याची खुंटी सुटते, यंत्र वर येतं आणि आपोआप बोलू लागतं. ते निदान ४८ तास बोलतं. मोठ्या नावेसाठी हेच योग्य. पण ती दाबाची खुंटी दोन वर्षांनी बदलावी लागते, तिच्यावर मुदत छापलेली असते, आणि नाव विकत घेताना ती वाचणारा खरेदीदार विरळाच. छोट्या होडीतून लाटेनं एकटा माणूस फेकला गेला, तर होडीवरचं ईपीआयआरबी होडीबरोबर पुढे निघून जातं. त्याला अंगावर बाळगायचं बीकन, म्हणजे पीएलबी हवं. ते मुठीत मावतं आणि २४ तास चालतं. मात्र ते आपोआप सुरू होत नाही. अँटेना उलगडायची, कळ दाबायची आणि अँटेना पाण्याच्या वर, आकाशाकडे धरून ठेवायची, हे सगळं गारठलेल्या बोटांनी करावं लागतं. सॅकच्या तळाशी ठेवलेलं पीएलबी घरी ठेवल्यासारखंच. एआयएस या जहाजांच्या ओळखयंत्रणेवर बोलणारं तिसरं छोटं यंत्रही मिळतं. ते उपग्रहाशी बोलत नाही, काही मैलांतल्या जहाजांच्या पडद्यावर दिसतं. आपलीच होडी मागे फिरून आपल्याला शोधणार असेल तर ते फार कामाचं, मात्र होडीवर तो पडदा हवा.

मच्छीमारांसाठी इस्रोनं डॅट नावाचं स्वतंत्र यंत्र काढलं. २०१० पासून ते वापरात आहे. आग, बुडती नाव, आजारी माणूस, जे असेल त्याचा संदेश त्यातून जातो. पहिल्या पिढीच्या यंत्रात एक मोठी उणीव होती, हाक ऐकली गेली की नाही हे नावेवर कळायचंच नाही. रात्री भरसमुद्रात ‘कुणी ऐकलं का’ हे माहीत नसणं माणसाला आतून खचवतं. २०२४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रात पोच परत मिळते, हा मला त्यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख नावांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजनाही सुरू झाली.

एक इशारा द्यायलाच हवा. परदेशातल्या भाच्याकडून काहीतरी मागवायचा मोह होतो. तिकडे गिर्यारोहक सर्रास वापरतात ती उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेला तशाच यंत्रापायी पोलिसांच्या ताब्यात जावं लागलं. बीकनमध्येही देशाचा संकेतांक भरलेला असतो. परदेशी संकेतांकाचं यंत्र मालवणात दाबलंत, तर तुम्ही कोण, घरचा फोन कोणता, ही चौकशी आधी त्या देशाच्या दप्तरात होते. तेव्हा भारताचा संकेतांक आणि बंगळूरला नोंदणी असेल तरच घ्या. बहुतेक हाका खोट्या निघतात, चुकून दाबलेल्या. नोंदणी असली की एका फोनवर खरंखोटं होतं.

आता यंत्राच्या पलीकडचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. त्यांचं ठिकाण ठाऊक होतं आणि ‘आयएनएस कोची’ तुफानात तिथवर पोहोचली होती. तरीही कितीतरी माणसं गेली. मात्र १८० हून अधिक वाचली, त्यांतली अनेक लाइफ जॅकेट घालून रात्रभर लाटांवर तरंगत राहिलेली होती. त्या रात्री हाक कमी पडली नाही. वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळूनही तराफा जागेवरच ठेवण्याचा निर्णय नडला. तो निर्णय सुधारणारं बीकन कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि आपली उजनी? २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वळवाच्या वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहत कळाशीच्या काठाला लागले आणि त्यांनीच गावाला सांगितलं. बाकी सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. मृतदेह मिळायला तिसरा दिवस उजाडला. त्याआधी २०१७ मध्ये अजोतीजवळ होडी उलटून चार डॉक्टर बुडाले होते.

कुगावच्या त्या होडीत कुणाकडे बीकन असतं तर? उपग्रहानं ऐकलं असतं, यात मला शंका नाही. कळाशीच्या काठावर मोबाइललाही रेंज असते. पण ऐकल्यावर निघायचं कुणी? एनडीआरएफची तुकडी तळेगावजवळच्या सुदुंबऱ्यात, तिथून इंदापूरच्या पाण्यापर्यंत शंभरहून अधिक किलोमीटर. बुडणाऱ्याच्या हातात काही मिनिटं असतात. तेवढ्यात पोहोचू शकतो तो काठावरचा मच्छीमारच, आणि त्याला दिवसा डोळ्यांनी दिसलं तर. उजनीत ही साखळी कळ दाबण्याआधीच तुटलेली आहे. समुद्रात पत्ता देणाऱ्या यंत्राला मोल आहे कारण दुसऱ्या टोकाला चोवीस तास जागं असलेलं केंद्र आहे, १५५४ हा नंबर आहे. धरणाच्या पाण्यावर बीकन म्हणजे बंद दवाखान्याची घंटा.

शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला, चांगलंच झालं. पण पुलानं होडी बंद होणार नाही. शेत पलीकडे, पाहुणे पलीकडे, आणि रोहित पक्षी बघायला येणारे पर्यटक तर होडीतच बसायला येतात. मला तिथे उपग्रहाचं काही नको. प्रत्येक धक्क्यावर इंजिन लावलेली एक बचावाची होडी उभी असावी आणि तिच्यासाठी मानधनावर दोन पट्टीचे पोहणारे, गावातलेच. होडीत चढणाऱ्यांची नावं काठावर लिहिलेली असावीत, नाहीतर होडी उलटल्यावर किती जणांना शोधायचं इथूनच सुरुवात होते. चैत्र-वैशाखात दुपार कलली आणि पश्चिमेला आभाळ काळवंडलं की फेरी बंद, मग बसणारा सरपंच असो की साहेब. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी मेरिटाइम बोर्डानं प्रवाशांना जॅकेटची सक्ती केली. उजनीवर मे २०२४ नंतर तशी सक्ती धक्क्यावर उभं राहून कोण पाळायला लावतं, हे ज्यानं त्यानं कळाशीला जाऊन बघावं.

बारामतीच्या गृहस्थांना मी खरेदीचा क्रम उलटा करायला सांगितलं. आधी जॅकेट. उजनीत, पोहता येत असेल आणि काठ जवळ असेल तर ५० न्यूटनचं चालेल, समुद्रात १५० न्यूटनचंच हवं. शुद्ध हरपलेल्या माणसाला ते सहसा पालथ्याचं उताणं करतं आणि तोंड पाण्याबाहेर धरतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर जॅकेट वर आणि माणूस खाली. जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. पीएलबी त्यानंतर, त्याच जॅकेटला दोरीनं बांधलेलं, भारतीय नोंदणीचं.

‘म्हणजे उजनीत यंत्र नकोच?’ त्यांनी विचारलं. नको. उजनीसाठी त्या पैशात काठावरच्या मच्छीमारांना चार जॅकेटं घेऊन द्या आणि त्यांचे मोबाइल नंबर आपल्या फोनमध्ये ठेवा, असं मी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, जॅकेटं देऊ, पण मच्छीमार ती घालतात का? हा प्रश्न खरा आहे. जाळं ओढताना ते जाड जॅकेट आडवं येतं आणि उन्हात अंग भाजून निघतं. कमरेला बांधायचा, दोरी ओढली की फुगणारा पट्टा मिळतो. तो जरा महाग आहे, पण त्यात हात मोकळे राहतात. तो आधी एकाला वापरायला देऊन बघायचं ठरलंय.