सरकारनेही घोषणापत्र द्यावे

गार्डन रीचमधील आमच्या घराच्या गच्चीवरून नेताजी सुभाष गोदीच्या क्रेन दिसतात. घरामागे मटियाबुर्जच्या गल्ल्या सुरू होतात. तेथे दिवसभर शिलाई यंत्रांचा आवाज असतो आणि शनिवार-रविवारी तयार कपड्यांच्या हाटांसाठी दूरदूरचे घाऊक व्यापारी येतात. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथे आले. त्यांच्याबरोबर आलेल्या कारागिरांपासून या वस्तीचा शिवणकामाचा व्यवसाय सुरू झाला, असे येथील जुनी माणसे सांगतात. जगाचा व्यापार पुस्तकात वाचण्याआधी तो रस्त्यावर दिसावा, अशी ही जागा आहे.

१७ मे २०२५ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. बांगलादेशातील तयार कपडे यापुढे भूमिमार्गाने भारतात येणार नाहीत; ते केवळ न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन सागरी बंदरांतून येतील, असे तिने ठरवले. अंमल तत्काळ होता. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत राहणारे एक क्लिअरिंग एजंट जिन्यात भेटले. त्यांच्या एका लहान ग्राहकाचा माल पेट्रापोलच्या समोर, बेनापोलच्या बाजूला अडकला होता. मागणी एप्रिलमधली, बँकेचे व्यवहार पूर्ण, कागद तयार. ‘दादा, कागदात एकही चूक नाही,’ ते म्हणाले, ‘चुकली ती फक्त तारीख.’

त्याच संध्याकाळी मटियाबुर्जमधील एका ओस्तागराशी बोलणे झाले. ओस्तागर म्हणजे हाताखाली शिंपी ठेवून माल तयार करवून घेणारा कारखानदार. तो या निर्णयाने समाधानी होता. सीमेपलीकडून येणाऱ्या स्वस्त कपड्यांशी स्पर्धा करून तो थकला होता. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. म्हणूनच हा निर्बंध योग्य की अयोग्य, या वादात मी येथे शिरत नाही. देशाने कोणता माल कोठून येऊ द्यावा हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे, आणि शेजाऱ्याशी संबंध बिघडले की त्याचे पडसाद व्यापारात उमटतात. माझा प्रश्न एवढाच आहे: निर्णय जाहीर होण्यापूर्वी जो माल नियमानुसार वाटेला लागला, त्याचे काय?

जबाबदारी कोणाची वाढली?

गेल्या पंधरा वर्षांत आपल्या सीमाशुल्क व्यवस्थेत मोठे बदल झाले आणि त्यांपैकी बहुतेक चांगले आहेत. २०११ मध्ये स्वयंनिर्धारणाची पद्धत आली. मालाचे वर्गीकरण, मूल्य आणि शुल्क आयातदाराने स्वतः ठरवून घोषित करायचे, अधिकारी ते पडताळणार. २०१६ मध्ये एक खिडकी योजना आली. २०२० मध्ये चेहराविरहित निर्धारण देशभर लागू झाले. कोलकात्यात दाखल झालेले बिल ऑफ एन्ट्री आता दुसऱ्याच शहरातील अधिकाऱ्यासमोर उघडू शकते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून, व्यापार करारांतील सवलतीचा शुल्कदर हवा असेल तर माल खरोखर त्याच देशात तयार झाल्याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवणे बंधनकारक झाले. २०२१ पासून सर्वसाधारण नियम असा आहे की, माल येण्याच्या आदल्या दिवसअखेर घोषणापत्र दाखल व्हावे. भूमिमार्गासारख्या काही बाबतींत थोडी सवलत आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार पडतो.

या साऱ्यांतून एक तत्त्व दिसते. पूर्वी अधिकारी माल पाहून ठरवीत असे; आता व्यापारी आधी सांगतो आणि त्या सांगण्यास बांधील राहतो. चुकला तर दंड, उशीर केला तर आकार. यात गैर काही नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने तर एक पाऊल पुढे टाकले: माल सुटल्यानंतरही आपली चूक स्वतःहून दुरुस्त करण्याची सोय कलम १८अ ने दिली आणि तात्पुरते निर्धारण दोन वर्षांत अंतिम करण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर घातले. सरकारने स्वतःला मुदत घालून घेतली, ही मला त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

मग जो व्यापारी आपले म्हणणे आधी घोषित करून त्याला बांधला जातो, त्याला राज्यसंस्थेकडून एक आश्वासन का मिळू नये? माल ज्या नियमाखाली निघाला त्याच नियमाखाली तो पोहोचेल, एवढेच ते आश्वासन आहे.

दस्तक आणि रवाना

इतिहासाच्या विद्यार्थ्याला बंगालमध्ये राहून दस्तकाचा विसर पडत नाही. १७१७ च्या फर्मानाने बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक ३,००० रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफी दिली. कंपनीच्या मालाबरोबर जाणारा परवाना म्हणजे दस्तक. कंपनीचे नोकर तो आपल्या खासगी व्यापारासाठी वापरू लागले. देशी व्यापारी प्रत्येक चौकीवर जकात भरत असे आणि त्याच्याच शेजारून दस्तकवाल्याची नाव निर्धास्त निघून जात असे. १७६३ मध्ये नवाब मीर कासिमने यावर सरळ उपाय केला: जकात सर्वांनाच माफ केली. समान नियम कंपनीला मानवला नाही. युद्ध झाले, आणि १७६४ मध्ये बक्सरला त्याचा निकाल लागला.

त्यानंतर चौकी कंपनीची झाली, तरी लहान व्यापाऱ्याची सुटका झाली नाही. जकात भरल्यावर त्याला ‘रवाना’ नावाचे पत्र मिळे. पण पुढच्या प्रत्येक चौकीवर माल त्या पत्राशी पुन्हा ताडून पाहिला जाई आणि कागद असूनही माल अडे. चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या व्यवस्थेवर सविस्तर अहवाल लिहिला आणि १८३६ मध्ये बंगालमधील ही अंतर्गत जकात रद्द झाली. अहवालाचा गाभा आजही उपयोगी आहे. अडवणुकीतून तिजोरीत जे येते त्याच्या मानाने व्यापाराचे होणारे नुकसान फार मोठे असते, आणि ते ज्याच्याजवळ ओळख नाही त्याच्याच वाट्याला येते.

संरक्षक जकातीला माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातील पोर्तुगीज मुलखाचे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे कोकणातील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवावी, असा तो आदेश होता. त्यात कारण दिले आहे, उद्देश दिला आहे आणि हिशेब मांडला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते पत्र आजच्या अनेक अधिसूचनांपेक्षा अधिक बोलते.

कांदा आणि पेट्रापोल

हा केवळ बंगालचा प्रश्न आहे असे महाराष्ट्रातील वाचकाने समजू नये. नाशिकचा कांदा बांगलादेशात जातो तो मोठ्या प्रमाणात पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली या नाक्यांवरूनच. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात एका दिवसात बंद झाली. परकीय व्यापार धोरणात वाटेवरच्या मालासाठी संक्रमणकालीन सवलतीची तरतूद आहे. पण ती येथे लागू होणार नाही, असे अधिसूचनेतच लिहिले होते. सीमेवर ट्रक उभे राहिले आणि कांदा उन्हापावसात सडू लागला. काही दिवसांनी, आधीच सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या ताब्यात आलेला माल सोडण्यात आला. तोवर ज्याचे गेले त्याचे गेले.

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली. या वेळी अधिसूचनेतच सवलत होती: जहाजावर चढू लागलेला किंवा सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात नोंदला गेलेला माल जाऊ शकेल. म्हणजे शिकता येते, आणि सरकार शिकलेही होते. ८ एप्रिल २०२५ रोजी बांगलादेशच्या मालाला आपल्या बंदरांतून आणि विमानतळांतून तिसऱ्या देशात जाऊ देण्याची सोय काढून घेतली तेव्हाही, आधीच भारतात आलेल्या मालाला जुन्या पद्धतीने बाहेर जाऊ दिले. पाच आठवड्यांनी कपड्यांच्या वेळी मात्र सीमेच्या पलीकडे उभा असलेला ट्रक नव्या नियमात अडकला. एकाच प्रश्नावर दोन उत्तरे मिळतात, ती यामुळे.

शिवाय २०२३ ची सवलत तरी पुरेशी होती का? लासलगावहून पेट्रापोल सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. ट्रक रायपूरच्या आसपास असताना बंदी आली, तर तो माल अजून कोणत्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या ताब्यात नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो निघालेलाच नाही. भाडे, हमाली, बारदान यांवर पैसा मात्र खर्च झालेला असतो. नागपुरी संत्र्यांचे उत्पादक हा अनुभव दुसऱ्या बाजूने घेत आहेत. बांगलादेशाने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवले आणि वरुड-मोर्शीच्या बागांपर्यंत त्याची झळ पोहोचली. एप्रिल २०२५ मध्ये भूमिमार्गाने येणारे भारतीय सूत ढाक्याने बंद केले, तेव्हा आपले सूतउत्पादकही अडचणीत आले. शेजाऱ्याने रातोरात नियम बदलला की आपल्याला जे खुपते, ते आपण बदलला की त्यालाही खुपते.

जुलैमध्ये येथील चहाच्या दुकानात तागाची चर्चा होती. १९४७ च्या फाळणीत तागाची बरीचशी शेते तिकडे गेली आणि गिरण्या हुगळीच्या काठी राहिल्या. २७ जून २०२५ च्या अधिसूचनेने बांगलादेशातील ताग आणि तागाच्या काही वस्तू फक्त न्हावा शेवा बंदरातून आणण्यास परवानगी दिली. जशोरचा ताग हुगळीच्या गिरणीत यायचा तर त्याने कन्याकुमारीला वळसा घालून अरबी समुद्रात जायचे आणि तेथून सारा देश ओलांडून परत यायचे. यामागे देशी ताग उत्पादकाचे हित असेल, तर ते सरकारने स्पष्ट शब्दांत सांगावे आणि त्यासाठी शुल्क लावावे. मार्ग लांबवून ते साधू नये. शुल्काचा हिशेब व्यापाऱ्याला करता येतो, वळशाचा करता येत नाही.

आक्षेप आणि उत्तर

प्रशासनातील माझे जुने सहकारी म्हणतील, आधी सूचना दिली की साठेबाज जागे होतात. पंधरा दिवसांची मुदत म्हणजे पंधरा दिवसांची लूट. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मी आगाऊ सूचना मागत नाही. निर्णय मध्यरात्री घ्या, सकाळी लागू करा. पण आदल्या दिवसापर्यंत जो व्यवहार पक्का झाला आणि जो माल निघाला, तो वगळा. नवा व्यवहार करण्यास वावच राहिला नाही, तर साठेबाजी होणार कशी?

मागच्या तारखेचे कागद तयार होतील, हा दुसरा आक्षेप. एके काळी तो निरुत्तर करणारा होता. आज लेटर ऑफ क्रेडिटची तारीख बँकेत असते, शिपिंग बिलाची वेळ सीमाशुल्काच्या संगणकात असते, आणि ट्रक कोठे होता हे फास्टॅगच्या टोलनोंदी सांगतात. व्यापाऱ्याला पकडण्यासाठी ज्या नोंदी विश्वासार्ह मानल्या जातात, त्या त्याला सोडवण्यासाठीही विश्वासार्ह मानाव्यात.

राष्ट्रीय सुरक्षेसाठी अपवाद हवाच. तो करताना कारण लेखी द्यावे, आणि सरकारच्या निर्णयामुळे झालेल्या विलंबाचा आकार किंवा वाहनतळाचे भाडे अर्जाविना माफ व्हावे. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारावर आपण २०१६ मध्ये मोहोर उमटवली. नियम बदलण्यापूर्वी संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, हे त्या करारातही आहे. माझी मागणी त्याहून कमी आहे. संक्रमणाची सवलत हा प्रत्येक निर्बंधाचा आपोआप भाग असावा. ती नाकारायची असेल तर नाकारणाऱ्याने सही करून कारण द्यावे.

‘तत्काळ’ या शब्दाचा मोह मला परिचित आहे. सीमेलगतच्या एका जिल्ह्यात काम करताना मालट्रकांचा मार्ग बदलणारा एक आदेश मी स्वतः लिहिला होता. अखेरीस ‘तत्काळ प्रभावाने’ असे लिहिताना आपण कार्यक्षम असल्याचा आनंदही झाला होता. वाटेवर असलेल्या ट्रकांचा उल्लेख करावा, हे सुचले नाही. तीन रात्री भाजीचे ट्रक रस्त्यात उभे राहिले. चौथ्या दिवशी मी दुरुस्तीचा आदेश काढला. त्यात फक्त एक वाक्य अधिक होते. ते पहिल्याच दिवशी लिहायला काही मिनिटे लागली असती. ज्यांचा माल गेला त्यांनी माझ्याकडे तक्रारही केली नाही. तक्रार करून काही मिळते, असा अनुभव त्यांना नसावा.

आमच्या इमारतीतील एजंटांनी त्या ग्राहकाचा माल परत पाठवला. समुद्रमार्गाने आणण्याइतका तो मोठा नव्हता. कपडे आता माझ्या गच्चीसमोरच्या गोदीतही उतरू शकतात, पण कंटेनर भरण्याची ऐपत असलेल्यांचेच. लहान व्यापाऱ्याने या देशाच्या नियमांवर विश्वास ठेवून एक कागद भरला होता. तो कागद खरा होता. त्यावर सरकारनेही आपल्या बाजूची एक ओळ लिहून द्यावी, इतकेच मागणे आहे.