वायर छतातच संपते

हिवाळा तोंडावर आला की दिल्ली-एनसीआरमधल्या वाचकांचा ठरलेला प्रश्न येतो : घरासाठी स्मोक अलार्म कुठला द्यावा? यंदा एका वाचकाने प्रश्नासोबत फोटोही पाठवला. नोएडातला फ्लॅट. हॉलच्या छताला नवाकोरा डिटेक्टर आणि त्यावर कारखान्यातून आलेली धूळरोधक टोपी तशीच. टोपी काढूनही उपयोग नव्हता, कारण बेसला जोडलेल्या दोन्ही वायर फॉल्स सीलिंगमध्ये मोकळ्या लोंबत होत्या. झोन नाही, पॅनल नाही, हूटर नाही. ग्राहकाने बिल मात्र पूर्ण चुकते केले होते. हे काम आपल्याच धंद्यातल्या कुणाचे आहे, म्हणून हा अग्रलेख आधी आपल्यासाठी आणि मग सरकारसाठी.

सरकारचे आधी उरकून घेऊ. दिल्ली अग्निशमन सेवेच्या 2010च्या नियमांत राहत्या इमारतीसाठी रेघ ओढली आहे ती 15 मीटर उंचीवर किंवा तळमजला अधिक चार मजल्यांवर. त्याखालच्या घराला अग्निसुरक्षा प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे तिथे अलार्म आहे का, हे विचारायला कुणी फिरकत नाही. आग मात्र मोजपट्टी घेऊन येत नाही. 18 जानेवारी 2024ला पीतमपुऱ्यातल्या चार मजली घरात सहा जण गेले. संशय रूम हीटरवर होता. 14 मार्च 2024च्या पहाटे शास्त्रीनगरात तळमजल्याच्या पार्किंगमधून उठलेल्या धुराने चौघांचा जीव घेतला, त्यांत दोन लहान मुली होत्या. आपल्याकडेही 6 ऑक्टोबर 2024च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खालचे दुकान पेटले आणि वर राहणारे एकाच कुटुंबातले सात जण दगावले. यांतली एकही इमारत टॉवर नव्हती.

रेघेच्या वरच्या इमारतींचे तरी काय? दिल्लीत राहत्या इमारतीचे प्रमाणपत्र एकदा मिळाले की पाच वर्षे चालते. तिथल्या धुळीत डिटेक्टरचे चेंबर एका मोसमात भरते, हे तपासणी अधिकाऱ्याला ठाऊक नसेल असे नाही. महाराष्ट्रात दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी द्यावा लागतो, म्हणून आपण फुशारकी मारू नये. शिडी न लावता भरलेले फॉर्म बी किती असतात, ते परवानाधारक एजन्सींनी स्वतःलाच विचारावे.

आता मूळ प्रश्न. आयएस 2189 आपल्याला पाठ आहे, पण ते पॅनलवर चालणाऱ्या यंत्रणेचे मानक आहे. ज्या घरात पॅनल नाही तिथे 24 व्होल्टचा कन्व्हेन्शनल डिटेक्टर म्हणजे छताची शोभा. घराला हवा स्टँडअलोन अलार्म : स्वतःची बॅटरी, स्वतःचा भोंगा आणि अंगावर आयएसओ 12239, ईएन 14604 किंवा यूएल 217 यांपैकी एकाचा उल्लेख. शक्यतो दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी घ्या. नऊ व्होल्टची बॅटरी पहिल्या चिवचिवाटाला काढली जाते आणि रिमोटच्या खेळण्यात जाते.

बेडरूम आणि पॅसेजसाठी ऑप्टिकलच. रजई, गादी, वायरचे इन्शुलेशन आधी धुमसते, आणि धुमसणारी आग ऑप्टिकलला लवकर कळते. आयोनायझेशनच्या वाटेला जाऊ नका. आत अमेरिसियम-241 असते, त्याच्या विल्हेवाटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, आणि फोडणीच्या वाफेला तो बोंब ठोकतो ते वेगळेच. स्वयंपाकघरात हीट अलार्म लावा. देवघराच्या डोक्यावर काहीच नको. धूप-अगरबत्तीने आठवड्यात तो उतरवला जाईल. आणि शेगडीबाबत ग्राहकाला स्पष्ट सांगा : बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड स्मोक अलार्मला कळत नाही. त्याला ईएन 50291चा वेगळा अलार्म लागतो.

खरी गोम बिल्डर फ्लोअरमध्ये आहे. खाली स्टिल्ट, वर चार मजले, चार मालक, जिना एकच. स्टिल्टमध्ये सगळ्यांचे मीटर बोर्ड, शेजारी चार्जिंगला लावलेल्या स्कूटर. तिथे पेटले की जिन्याचे धुराडे होते, आणि ती जागा सामाईक म्हणून खर्चाला कुणी पुढे येत नाही. उघड्या स्टिल्टमध्ये उष्णता पसरून जाते, म्हणून हीट अलार्म मीटर बोर्डाच्या थेट वर लावा आणि स्मोक अलार्म जिन्याच्या पहिल्या लँडिंगवर. दोन्ही रेडिओने प्रत्येक मजल्यावरच्या अलार्मशी इंटरलिंक करा. डब्यावर लिहिलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते. स्लॅबमागून स्लॅब ओलांडून सिग्नल पोचतो का, ते जागेवर तपासा. एकच मालक तयार असेल तर निदान लँडिंग आणि त्याची बेडरूम जोडून द्या. बाकीचे तिघे पुढच्या थंडीत फोन करतील.

'ग्राहक पैसे देत नाही' ही तक्रार आता पुरे झाली. ग्राहकाला फरक कुणी समजावला आहे? कोटेशनमध्ये 'स्मोक डिटेक्टर, नग 4' एवढेच लिहिले तर तो सर्वांत स्वस्त नगच निवडणार. प्रकार, मानक, जागा, इंटरलिंक आणि अलार्म बदलण्याचे वर्ष अशा पाच ओळी वाढवा. संघटनेच्या शाखांनी दिल्लीच्या अग्निशमन सेवेकडे एकच मागणी लावून धरावी : 15 मीटरखालच्या घरांना प्रमाणपत्र नको असेल तर नको, पण नवीन बांधकामात इंटरलिंक अलार्म सक्तीचे करा.

तोवर एवढे करा. काम संपले की बेडरूमचे दार लावून घ्या, घरच्यांना आत बसवा आणि खाली लँडिंगवरचे टेस्ट बटण दाबा. आत आवाज नीट आला नाही तर शेवटचा हप्ता मागू नका.