ज्ञानाखाली सही कोणाची?

माधव गाडगीळ जानेवारी २०२६ मध्ये गेले. त्यानंतर जे लिहिले गेले त्यात पश्चिम घाटाचा अहवाल अग्रभागी होता, ते स्वाभाविकच. आम्हां विदर्भातल्या मराठीच्या अध्यापकांना मात्र वेगळीच गोष्ट अधिक मोलाची वाटते: शिष्य कोणाला म्हणावे, याविषयीची त्यांची समजूत.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी संशोधकांची एक पिढी घडवली. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार त्यांतलेच. पण त्यांच्या गुरुपणाचे मर्म उत्तर कन्नडमधल्या बांबूच्या अभ्यासात दिसते. कागदगिरणीसाठी तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाचे काटेरी आवरण साफ केले जाई. त्याने कोवळे कोंब उघडे पडतात आणि खाल्ले जातात, हे गावकरी सांगत होते. गाडगीळ आणि त्यांचे तरुण सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी ते तपासले; गावकरी खरे निघाले. संशोधकाला आधी ऐकायला शिकवणे, हे आमच्या मते मार्गदर्शनाचे निम्मे काम.

हीच रीत घेऊन ते गडचिरोलीत मेंढा (लेखा) येथे आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या या गावात अभ्यासगटांची परंपरा आधीपासून होतीच. गाडगीळांच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गावकरी माहिती पुरवणारे राहत नाहीत, नोंद करणारे होतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या चौकटीत ही कल्पना पुढे आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाने फांद्यांची छाटणी आणि वणवे टाळण्यासाठी तेंदूपत्ता तोडणेच थांबवले. त्या निर्णयाविषयी गाडगीळ एखाद्या शिष्याच्या शोधाविषयी लिहावे तशा कौतुकाने लिहीत.

आता आमच्या विषयाकडे वळू. याच जंगलपट्ट्यातली गोंडी, माडिया गाणी गोळा करून प्रबंध होतात. मुखपृष्ठावर संशोधक, आत मार्गदर्शकांचे ऋणनिर्देश (पानभर, विशेषणांसह), आणि गाणारी बाई परिशिष्टात 'निवेदक क्र. ७'. वनस्पतिशास्त्रात जे चोरीच्या जवळ जाणारे मानले जाईल, ते लोकसाहित्यात पद्धतिशास्त्र म्हणून खपते. गायिकेचे नाव, तिच्या संमतीने, गाण्याच्या शिरोभागी यावे आणि प्रबंधाची प्रत तिच्या गावी जावी, एवढी अट विद्यापीठांना घालता येईल.

गाणे एकटीचे नसते, मग नाव कोणाचे घालायचे, असा आक्षेप येतो. तो खरा आहे. मग गावाचे घालावे. मेंढ्याला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तोही ग्रामसभेच्याच नावे.