कर्त्या पुरुषाचे मौन

सकाळी कांदिवली स्थानकात चर्चगेटची गाडी पकडणाऱ्यांपैकी कितीजणांच्या छातीत धडधड होत असते, किती रात्री जागून काढलेल्या असतात, याची नोंद कोठेच होत नाही. घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण, नोकरीची अनिश्चितता यांचे ओझे वाहणाऱ्या कर्त्या पुरुषाने हूं की चूं करू नये, अशीच आपली अपेक्षा असते. ‘पुरुष असून घाबरतोस?’ एवढ्या वाक्याने त्याचे तोंड बंद होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते; राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. प्रत्येक आत्महत्येमागे चिंताविकारच असतो असे नव्हे. परंतु मौनाने कोणतेही दुःख हलके होत नाही.

चिंताविकार हा भित्रेपणा नव्हे, समुपदेशनाने आणि औषधांनी आटोक्यात येणारा आजार आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात उभारलेल्या आय.पी.एच. संस्थेने मनोविकारांविषयी मराठीत मोकळेपणाने बोलण्याची वाट घालून दिली. २०२२पासून शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहे.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाने अंगाचा कंप आणि तोंडाला पडलेली कोरड आपल्या सख्यापुढे उघड सांगितली. त्यामुळे त्याचे वीरत्व उणावले नाही. आपल्या घरांत मात्र ऐकणारा सखाच दुर्मीळ झाला आहे. तेव्हा उपदेश थोडा आवरावा आणि आधी ऐकून घ्यावे. कुटुंबाचा आधार म्हणतात तो हाच.