जेबखर्चाच्या नावाखाली



गेल्या महिन्यात जबलपूरला जाण्याचा योग आला. बैठक आटोपल्यावर एका जुन्या टपाल सहकाऱ्याच्या आग्रहावरून आम्ही दीक्षितपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. जुन्या शहरातला हा मोहल्ला. बाहेर हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी, आणि आतल्या मराठीतही निम्मे शब्द हिंदीच. १८७० साली जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपूरला जुळल्या आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून रेल्वे, टपाल, कचेरी आणि पुढे तोफगाड्यांचा कारखाना यांच्या आधाराने इथली कित्येक मराठी घरे उभी राहिली. हे घरही त्यांपैकीच. थोरले बंधू टपाल खात्यातून निवृत्त झालेले, धाकटे रेल्वेत. धाकट्यांचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

चहा झाला आणि बोलणे त्या मुलावर आले. कॉलेज सांभाळून तीन-चार तासांचे काम मिळावे म्हणून त्याने दोन महिने शहर पालथे घातले होते. फुहाऱ्याजवळच्या कापड दुकानांत 'पार्ट टाइम' म्हणजे सकाळी अकरा ते रात्री नऊ. एका ठिकाणी फोनवर बोलण्याचे काम होते, पण रात्रपाळीचे. घरोघर जेवणाचे डबे पोचवायचे तर स्वतःची मोटारसायकल हवी. शेवटी एका शिकवणी वर्गाच्या कचेरीत जागा मिळाली. संध्याकाळी पाच ते साडेआठ. फीच्या पावत्या फाडणे, हजेरी लिहिणे, प्रश्नपत्रिका संगणकावर टंकित करणे, गैरहजर मुलांच्या पालकांना फोन करणे. महिन्याला सहा हजार ठरले. कागद काही नाही. चार महिन्यांत हाती आले दीड महिन्याचे पैसे. विचारले की मालक म्हणत, "अरे, तू तो घर का बच्चा है. जेबखर्च ही तो है, मिल जाएगा."

थोरले बंधू इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आणि आम्हांला काय म्हणायचे माहीत आहे? राखीव!"

आमच्या तरुण वाचकांना हा शब्द कदाचित उमगणार नाही. ३० ऑक्टोबर १९८० च्या आदेशाने टपाल खात्याने 'राखीव प्रशिक्षित उमेदवार' म्हणजे आर.टी.पी. नावाची योजना आणली. परीक्षेच्या यादीत नाव आलेले, प्रशिक्षण घेतलेले उमेदवार. जागा रिकामी होईपर्यंत 'शॉर्ट ड्यूटी' करायची आणि तासावर पैसे घ्यायचे. खिडकी तीच, शिक्का तोच, हिशेबात चूक झाली तर भरपाईही तशीच. फक्त पगार निराळा. १९८६ च्या मार्चमध्ये योजना बंद झाली, पण तोवर हजारो तरुणांची ऐन उमेदीची वर्षे तासांवारी विकली गेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाने निर्णय दिला की, तेच काम करणाऱ्या आर.टी.पी. उमेदवारांना नियमित टपाल सहायकांच्या बरोबरीने वेतन द्यावे. प्रकरण नेले होते टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेने. आनंद पूर्ण टिकला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोनससाठी आणि खात्याअंतर्गत परीक्षेच्या पात्रतेसाठी ती वर्षे नियमित सेवा म्हणून धरण्यास नकार दिला. थोरल्या बंधूंच्या पत्र्याच्या पेटीत त्या काळातल्या तासांच्या नोंदी अजून आहेत. कागद पिवळा पडला आहे, आकडे वाचता येतात.

रेल्वेचा इतिहास तर याहून जवळचा, कारण तिथे प्रत्यक्ष विद्यार्थीच होते. २१ ऑगस्ट १९७३ च्या रेल्वे बोर्डाच्या पत्राने 'स्वयंसेवक' किंवा 'मोबाइल बुकिंग क्लार्क' ही योजना सुरू झाली. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या शिकत्या मुलामुलींनी कॉलेजच्या वेळेबाहेर, हंगामातल्या गर्दीत, तिकीट खिडकीवर बसावे आणि तासावर मानधन घ्यावे. कल्पना वाईट नव्हती. खिडकीसमोरची रांग कमी होई, घरात चार पैसे येत, पोराला कामाची सवय लागे. पण हंगाम संपला तरी काम संपेना. मुले पदवीधर झाली, वयाची मर्यादा ओलांडू लागली, तरी खिडकी सुटेना आणि नोकरीही लागेना. ऑगस्ट १९८१ मध्ये योजना बंद केल्याचे जाहीर झाले. संघटनेने हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर नेला आणि एप्रिल १९८२ मध्ये मंत्रालयाने मान्य केले की, आवश्यक शिक्षण असलेल्या आणि तीन वर्षे काम केलेल्यांना रिक्त जागांवर सामावून घेण्याचा विचार व्हावा. तरी काही रेल्वेंवर नव्या मुलांना बसवणे १९८६ पर्यंत चालूच राहिले! मग एके दिवशी त्यांना घरी बसवले. १९८७ मध्ये न्यायाधिकरणाच्या दिल्लीतील मुख्य खंडपीठाने त्यांना न्याय दिला आणि १७ नोव्हेंबर १९८६ पर्यंत लागलेल्यांनाही सामावून घेण्याचा मार्ग उघडला.

तीन वर्षे सेवा झाली हे सिद्ध करायचे तर हजेरीचा कागद लागणारच. ज्याच्या घरी आईने पोराच्या मानधनाच्या पावत्या जपून ठेवल्या, त्याचे काम सोपे झाले. ज्याच्याजवळ फक्त आठवण होती, त्याचे काय झाले असेल ते सांगायला नको.

येथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. त्या मुलांकडे आपल्यातल्याच कित्येकांनी सुरुवातीला 'आपल्या जागा खाणारी पोरे' म्हणून पाहिले. भीती खोटी नव्हती. तासावर माणूस मिळतो म्हटल्यावर प्रशासन रिक्त जागा कशाला भरील? परंतु जागा न भरण्याचा निर्णय खिडकीवरच्या पोराने घेतलेला नव्हता. राग ठेवायचा तर तो निर्णय घेणाऱ्यावर ठेवायला हवा होता.

विद्यार्थ्याने काम करू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मराठी समाजात तर ही जुनी रीत. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. पण त्या रीतीत उपकाराचे ओझे होते, आणि ते जातीजातींत विभागलेले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते ओझेच उतरवले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, आणि पोराने स्वतःच्या श्रमावर शिकावे ही गोष्ट अभिमानाची केली. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजना चालतात त्या याच परंपरेतल्या. त्यांतला तासाचा दर अपुरा असतो हे खरे, पण दर ठरलेला असतो, तास लिहिले जातात. दीक्षितपुऱ्यातल्या पोराला नेमके हेच मिळाले नव्हते.

आम्हांला खटकतात ते शब्द. पगाराला पगार म्हणायचे नाही यासाठी केवढी शब्दसंपत्ती खर्च झाली आहे पाहा! रेल्वेने 'मानधन' म्हटले. शिकवणीवाला 'जेबखर्च' म्हणतो. शिकाऊ उमेदवारांना 'विद्यावेतन' मिळते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद तेवढी त्याच कायद्यात आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२३ मध्ये 'सीखो कमाओ' योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. तेही प्रशिक्षणच, नोकरी नव्हे. आणि मोबाइलवरून मागवलेले जेवण पोचवणारा पोरगा तर 'भागीदार'! मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, पाय मोडला तर पायही त्याचाच, आणि म्हणे भागीदार. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये अशा कामगारांची संख्या ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला होता. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या आली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरावी अशी तरतूद आली. पण मालक आणि नोकर हे नाते मान्य झालेले नाही, त्यामुळे किमान वेतनाचा प्रश्न जिथल्या तिथे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांवरचे आपले आक्षेप या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. पण विरोध करतो म्हणून हाताशी असलेले कलम वापरायचे नाही, असे थोडेच आहे? वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. नोकरी सोडली किंवा सोडवली तर दोन कामाच्या दिवसांत. पगाराची पावती द्यावी लागते. पैसे न मिळाल्याचा अर्ज तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कचेरीत पावत्या फाडणारा, टंकलेखन करणारा पोरगा रोज साडेतीन तास आला काय की आठ तास आला काय, तो कर्मचारीच. मालकाने त्याला घरचा मुलगा म्हटल्याने त्यात काही फरक पडत नाही.

हा अर्ज कामगार स्वतः करू शकतो, किंवा तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती संघटना करू शकते. आता या पोराची संघटना कोणती? बापाची आहे, काकांची होती, त्याची नाही. आपण रेल्वे आणि टपालवाले त्याच्या नावाने अर्ज देऊ शकत नाही, पण अर्ज लिहून देऊ शकतो, त्याच्याबरोबर कामगार कार्यालयाच्या पायऱ्या चढू शकतो. महासंघाच्या शहर समित्यांनी अशा विद्यार्थी-कामगारांची नोंद घेऊन त्यांची स्वतंत्र युनियन उभी करावी, असे आमचे मत आहे. प्रत्येक शाखेने निदान आपल्या सभासदांच्या घरांत चौकशी तरी करावी. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी कुठे काम करते, किती तास, कागद आहे का. मुलींच्या बाबतीत एक प्रश्न अधिक विचारावा, रात्री परत कशी येते.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पतपेढ्या आणि युनियनच्या कचेऱ्या पाहाव्यात. संगणकावर बसणारा तो मुलगा, दिवाळीत पत्रके वाटणारा तो विद्यार्थी, यांना आपण काय देतो, आणि कोणत्या कागदावर? आमच्याच एका शाखेत हा प्रश्न विचारला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर खजिनदारांनी वही काढली आणि त्या मुलाचे मागले आठ महिने त्यात लिहिले. हे आठ वर्षे आधी करायला हवे होते.

दीक्षितपुऱ्यातल्या पोराजवळ सुदैवाने एक वही निघाली. पदार्थविज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर त्याने रोज आलो किती वाजता, निघालो किती वाजता, हे लिहून ठेवले होते. कशासाठी, म्हणून विचारले तर म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं." त्या पानांच्या छायाप्रती काढल्या. त्याच रात्री काकांनी मालकाच्या नावे पत्राचा मसुदा केला. महिने, तास आणि थकलेली रक्कम, एवढेच. शिव्याशाप नाहीत. दुसऱ्या दिवशी ते "रजिस्टर करून येतो" म्हणून निघाले. चाळीस वर्षांची सवय! रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पावती मात्र त्यांनी पेटीत, जुन्या कागदांशेजारी ठेवली.

आठव्या दिवशी मालकाचा फोन आला. एका महिन्याचे पैसे मिळाले. दीड महिन्याचे बाकी आहेत. त्यासाठीचा अर्ज तयार आहे, आणि सोमवारी पोराबरोबर कामगार कार्यालयात त्याचे वडील रजा टाकून जाणार आहेत.