सोबत आलेल्या बाईचे बीपी कोण तपासणार?

पक्षाघात झालेल्या वृद्ध पेशंटला गंगाखेड, जिंतूर किंवा पाथरीहून घेऊन येणारी बहुतेक वेळा पंचेचाळीस ते पंचावन्न वर्षांची सून किंवा मुलगी असते. फाईल तिच्याकडे, गोळ्यांच्या वेळा तिला पाठ. सासूबाई तपासून झाल्या की मी तिलाही हात पुढे करायला सांगतो. "डॉक्टर, मला काही नाही," हे उत्तर ठरलेले. बीपी मात्र अनेकदा वाढलेले निघते.

पेशंटला अंथरुणात जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे रात्रीची सलग झोप गेली. अपुऱ्या झोपेने बीपी आणि शुगर दोन्ही बिघडतात. त्यात हेच वय पाळी जाण्याचे. तरी सकाळी शाळेत, बँकेत किंवा सोयाबीनच्या रानात हजर व्हायचेच. रोजंदारीवर तर एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी काळजी घेताना आढळल्या, पुरुष 21.4 टक्के. त्या स्त्रियांची दिवसाची 140 मिनिटे त्यात जात होती, पुरुषांची 74. (यात मुलांचे करणेही आले.)

राज्य सरकारी नोकरीतील महिलांना 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. योग्यच आहे. आईवडिलांसाठी मात्र स्वतःची अर्जित रजा मोडायची. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने त्यांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकली, पण त्यासाठी लागणारा वेळ दिला नाही. अशी रजा हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती पुरुषांनाही हवी, नाहीतर सासऱ्यांसाठी पुन्हा सूनच घरी बसेल.

पुण्यातल्या भावाने "पैसे पाठवतो" एवढ्यावर थांबू नये. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस येऊन रात्रीचे जागरण त्याने करावे.

नोकरी सोडण्याचा निर्णय पेशंट घरी आल्यावर लगेच घेऊ नका. पक्षाघातानंतर बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतर किती मदत लागेल, याचा अंदाज येतो. बीपी-शुगर स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारा, दर महिन्याला पेशंटला आणायलाच हवे का? आणि पुढच्या फेरीला दोन केसपेपर काढा.